बाबांच्या गुरुवारच्या ट्रायल

बाबांनी विषय काढला तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या आणि समोरच्या पुतळ्यावर एका वकिलाचा अर्धवट कोट होता. आमचं दुकान खाली आणि घर वर. संध्याकाळी कामावरून आले की मी वर जाण्याआधी कटिंगच्या टेबलावर पाय सोडून बसते आणि बाबा दर वेळी म्हणतात, "टेबलावर बसू नकोस." त्या दिवशी म्हणाले नाहीत. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"समजा," बाबा बाहीकडे बघत म्हणाले, "एखाद्या माणसाला एखाद्या बाईंना संध्याकाळी बाहेर न्यायचं असेल. चांगलं जेवण, वर काहीतरी करमणूक. तर या शहरात कुठे न्यावं?"

"हा एखादा माणूस साधारण किती वर्षांचा?"

"असेल एकसष्टचा."

"आणि या एखाद्या बाईंचं चष्म्याचं दुकान आहे का?"

चाळीस वर्षं सुई हातात धरलेल्या माणसाने टाचणी स्वतःच्याच बोटात खुपसून घेतली. ताकाला जाऊन भांडं लपवणं आमच्या बाबांना कधीच जमलेलं नाही. भांडं लपवतात, पण पाठीमागून अर्धं दिसत राहतं.

बाबा शिंपी आहेत. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मी दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते. म्हणजे एक अंगाचं माप घेतो आणि दुसरी जबड्याचं, त्यामुळे आमच्या घरात मापाशिवाय पान हलत नाही. आई गेली तेव्हा बाबांना सोबत म्हणून मी दोन महिन्यांसाठी इथे राहायला आले. त्याला आता नऊ वर्षं झाली.

चष्मेवाल्या बाईंचं दुकान समोरच्या बाजूला, तीन दारं सोडून. बाई छप्पन्न वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, आणि त्या हसल्या की आमच्या दुकानाचं दार लावलेलं असलं तरी आत ऐकू येतं. मागच्या थंडीत त्यांनी बाबांकडे कोट शिवायला टाकला. बाबांचा नियम असा की दोन ट्रायल झाल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जाणार नाही. पहिली कच्च्या टाक्यांवर, दुसरी इस्त्रीआधी. गिऱ्हाईक मंत्री असो की मेहुणा, तिसरी ट्रायल कधी कुणाला मिळाली नव्हती. बाईंच्या कोटाला पाच झाल्या. पाचव्या वेळी एक बटण अर्धा सूत डावीकडे घ्यायचं होतं म्हणे. मी आपली रोज त्या पुतळ्यासमोरून ये-जा करत होते आणि मला वाटत होतं, बाबांची नजर उतरत चालली आहे.

त्या पाचव्या ट्रायलला बाई आरशात बघून म्हणाल्या होत्या, "मास्तर, कोट झकास झालाय. पण घालून जाऊ कुठे? सात वर्षं झाली मला इथे येऊन, दुकान आणि घर सोडून या शहरात मी काही बघितलेलं नाही. एखाद्या संध्याकाळी न्या की कुठेतरी चांगलं जेवायला." आणि त्याच दमात त्यांनी हेही सांगितलं की त्यांची बहीण त्यांना तिकडे तिच्या गावी बोलावते आहे, दोघींनी मिळून दुकान काढू म्हणते. इथल्या दुकानाचा करार पुढच्या महिन्याच्या शेवटी संपतो. तोवर राहायचं की जायचं ते त्यांना कळवावं लागेल.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, बघतो."

"बघतो! बाबा, बाई गाव सोडून जायच्या गोष्टी करतायत आणि तुम्ही म्हणता बघतो?"

"मग काय म्हणायचं होतं?"

"चला म्हणायचं होतं. उद्या सात वाजता."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कापड न मोजता कात्री चालवायला सांगितली. "असं कसं नेणार? जागा कशी, खुर्च्या कशा, आवाज किती, काही माहिती नाही. ट्रायलशिवाय?"

अशा रीतीने आमच्या गुरुवारच्या ट्रायल सुरू झाल्या. गुरुवारी दुकान दुपारनंतर बंद असतं. बाबांचं म्हणणं असं की प्रत्येक जागी आधी आपण जाऊन बसायचं, जेवायचं, करमणूक असेल ती करून घ्यायची, आणि जी जागा अंगाला बसेल तिथे बाईंना न्यायचं. ट्रायल म्हटली की गिऱ्हाईक हवं. बाईंच्या जागी उभं राहायला घरात मी होतेच. दुधाची तहान ताकावर भागवायची ठरली आणि ताक व्हायला मी एका पायावर तयार झाले. मला वाटलं, तेवढीच मजा.

जागा शोधायचं काम फोनवर माझ्याकडे होतं. लोकांनी काय काय लिहिलंय ते मी मोठ्याने वाचायचे आणि बाबा काजं करता करता ऐकायचे.

"इथे एक बाई लिहितात, वेटर उद्धट आहे."

"आपण ओळखतो त्या बाईंना?"

"नाही."

"मग त्याच उद्धट नसतील कशावरून?"

दुसऱ्या एका जागेला कुणीतरी पाचांपैकी एकच चांदणी दिली होती, कारण तिथे जेवताना त्याच्या बायकोने त्याला सोडून जायचं ठरवलं. बाबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "सूप कसं होतं ते लिहिलंय का?"

पहिल्या गुरुवारी आम्ही एका उंच इमारतीच्या माथ्यावर गेलो. खाली सगळं शहर दिसतं अशी जाहिरात होती. दिसत होतं, फक्त समोरचं ताट सोडून. टेबलावर एक मेणबत्ती, तीही वयात न आलेली. बाबा मेनूकार्ड हाताच्या अंतरावर धरत होते, मग नाकाशी आणत होते, आणि शेवटी त्यांनी बोटाने एक ओळ दाखवून "हे द्या" म्हटलं. ते वाढदिवसाच्या केकची आगाऊ ऑर्डर कशी द्यावी याबद्दल होतं. वेटरने हसू न दाखवता आम्हाला मासा आणून दिला. मासा चांगला होता. बाबांना खालचे दिवे आवडले, आमची गल्ली कुठली ते शोधण्यात त्यांनी अर्धा तास घालवला आणि भलत्याच एका पुलावर बोट ठेवून ती आपलीच म्हणून जाहीर केली.

उतरताना लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "काय वाटतं?"

"फार अंधार," मी म्हटलं. "बाईंचा चष्म्याचा धंदा. त्या आल्या तर जेवणार नाहीत, उठून सगळ्यांचे नंबर तपासतील."

बाबा हसले आणि खिशातून मापांची वही काढून त्यात काहीतरी लिहून ठेवलं. या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान असतं. वर मापं, खाली ट्रायलला काय झालं ते. बाबांना पटलेलं असलं तरी गिऱ्हाइकाला खटकलं की उसवायचं, याला त्यांच्याकडे अपील नाही.

दुसऱ्या गुरुवारची जागा गाण्याबजावण्याची होती. कोपऱ्यात तीन वादक, आणि त्यातला व्हायोलिनवाला टेबलाटेबलापाशी येऊन वाजवायचा. तो आमच्याकडे आला, डोळे मिटले, फार हळवं काहीतरी सुरू केलं. मी बाबांकडे बघितलं तर त्यांची नजर त्याच्या उजव्या खांद्यावर खिळलेली. गज वर गेला की कोट काखेतून ताणला जात होता आणि मागे चुणी पडत होती. बाबांनी मिनिटभर कळ काढली. मग उठले, कॉलरच्या आतून टाचणी काढली (बाबा टाचणीशिवाय कुठे जात नाहीत) आणि वाजवणाऱ्या माणसाच्या पाठीमागे उभं राहून काखेखालची शिवण दोन बोटं सैल करून टाचली. बिचाऱ्याने सूर सोडला नाही. पुढचं गाणं मात्र त्याने खरोखर छान वाजवलं, सगळ्यांनी टाळ्या दिल्या, आणि बाबा अशा ऐटीत बसले की टाळ्या त्यांनाच होत्या.

"ही जागा बरी आहे," बाबा म्हणाले.

"बरी आहे, पण गोंगाट केवढा. बाईंचं हसणं या गाण्यात ऐकू येईल का तुम्हाला?"

बाबांनी वही काढली.

तिसऱ्या वेळी आम्ही नाटकाला गेलो. विनोदी नाटक होतं. बाबा इतके हसले की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून त्यांना पाणी दिलं. मी म्हटलं, नाटक छान, पण पहिल्याच भेटीत दोन तास शेजारी बसून एक शब्द बोलायचा नाही म्हणजे काय, त्यापेक्षा दंतवैद्याकडे नेलेलं काय वाईट. चौथ्या वेळी नदीतली होडी, जेवणासकट. पाण्यावर दिवे हलत होते, वारा होता, बाबांनी आपला कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि आईची एक जुनी गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. लग्नाआधी आईला ते अशाच एका होडीत घेऊन गेले होते आणि घाबरून स्वतःच काठावर उतरून थांबले होते. आई एकटीच फिरून आली. मी पोट धरून हसले. आणि उतरल्यावर म्हटलं, "वारा फार आहे हो इथे. बाईंना सर्दी होईल."

नाचता येईना अंगण वाकडं, अशी माणसं असतात. मी त्यांच्यापुढचा नमुना होते. मला नाचायचंच नव्हतं आणि तरी मी शहरातली सगळी अंगणं वाकडी ठरवत चालले होते. पण हे तेव्हा मला दिसत नव्हतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की बुधवारी रात्री मी उद्या काय घालायचं ते काढून ठेवते, की मी नवे बूट घेतले, की कामावरच्या मैत्रिणी म्हणायला लागल्या, काय गं, हल्ली गुरुवारी तोंडावर काय तेज चढतं तुझ्या? मी सांगितलं, बाबांसाठी जागा बघतोय आम्ही. बिचारे बाबा, किती चोखंदळ.

सहा गुरुवार गेले. बाईंचा महिना संपत आला.

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, माझ्या चष्म्याची काडी सैल झाली म्हणून मी बाईंच्या दुकानात गेले. बाईंनी चष्मा हातात घेतला, बारीक स्क्रू फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गुरुवारी तुम्ही बापलेक नटूनथटून जाता कुठे गं? मी इथून बघते. मास्तर केसांना पाणी लावून भांग पाडतात. मागच्या वेळी तर रुमाल होता वरच्या खिशात."

"असंच," मी म्हटलं. "फिरायला."

"छान आहे." त्यांनी काच पुसली. "मी मास्तरांना एकदा म्हटलं होतं, मलाही न्या कुठेतरी. बघतो म्हणाले. दोन महिने होत आले, बघतायत अजून." त्या हसल्या, पण दार बंद असतं तर आमच्या दुकानात ऐकू गेलं नसतं इतपतच. "जाऊ दे. शनिवारी बहिणीला कळवायचंय. हो म्हणून टाकते. इथे मला कोण अडवतंय?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. अहो बाई, ते तुमच्यासाठीच जागा शोधतायत, सगळं शहर पालथं घातलंय त्यांनी. पण मी मूग गिळून बसले. त्यांनी चष्मा माझ्या नाकावर बसवला, कानामागे बोट घालून काडी तपासली आणि विचारलं, "आता नीट दिसतंय?" मी मान डोलावली आणि पळ काढला.

का बोलले नाही, ते मी स्वतःला रस्ता ओलांडेपर्यंत तीन प्रकारे समजावलं. बाबांचा विषय, बाबांनी बोलावं. उद्या सातवी ट्रायल आहे, उद्या जागा मिळेलच. आणि तिसरं आता आठवत नाही, तेही असंच काहीतरी लंगडं होतं.

बाबा अस्तराचं कापड आणायला गेले होते. दुकानात मी एकटी. वकील कोट न्यायला आले, त्यांच्या पानावर 'नेला' असं लिहायला मी मापांची वही उघडली, आणि वकिलांच्या पुढच्याच पानापासून आमचे गुरुवार सुरू झाले. बाबांचं अक्षर बारीक आणि सरळ, टीप घातल्यासारखं.

'उंचावरची जागा. मासा उत्तम. आपली गल्ली दिसते. मला: पसंत. मुलीला: अंधार. उसवा.'

'वाद्यांची जागा. मला: पसंत. मुलीला: गोंगाट. उसवा.'

'नाटक. मला: फार पसंत. मुलीला: बोलता येत नाही. उसवा.'

'होडी. मला: पसंत. बाईंना आवडेल असं वाटतं. मुलीला: वारा. उसवा.'

सहा पानं, सहा वेळा पसंत, सहा वेळा उसवा. आणि सहाव्या पानाच्या तळाशी वेगळ्या पेन्सिलीने एकच ओळ होती: 'मुलीला काहीच बसत नाही. तिला एकटं वाटेल का?'

मी त्या टेबलावर बसून रडले. रागही आला, बाबांचा आला, एवढं कळत होतं तर बोलला का नाहीत म्हणून, आणि मग तो राग फिरून जिथे यायला हवा होता तिथे आला. चोखंदळ बाबा नव्हते. जागेत खोट नव्हती. मला गुरुवार हवे होते. बाबा कुणाबरोबर तरी जेवायला बाहेर जायला लागले तर मी घरी कुणाबरोबर जेवू, इतकी साधी आणि इतकी आपमतलबी गोष्ट होती ती, आणि मी तिला अंधार, गोंगाट, वारा अशी नावं देत सहा आठवडे काढले होते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी कामावरून लवकर निघाले. आमच्या दुकानात न जाता सरळ बाईंच्या दुकानात शिरले आणि वही त्यांच्या काउंटरवर ठेवली. वही मी सकाळीच पिशवीत टाकली होती. दुसऱ्याच्या वहीची चोरी मी आयुष्यात प्रथमच केली आणि तीही बापाच्या.

"हे वाचा," मी म्हटलं. "आणि आधी मला एक शिवी द्या, म्हणजे मला बरं वाटेल."

बाईंनी शिवी दिली नाही. वाचायचा चष्मा लावला आणि उभ्याउभ्या वाचलं. वाढदिवसाच्या केकचा किस्सा मी तोंडी सांगितला तेव्हा त्या हसल्या, खऱ्या हसल्या, कपाटातल्या फ्रेमी थरथरल्या. व्हायोलिनवाल्याचा किस्सा सांगितला तेव्हा त्यांना खुर्चीत बसावं लागलं. होडीच्या पानावर हसू थांबलं. सहावं पान त्यांनी दोनदा वाचलं.

"काल सांगितलं नाहीस तू," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मी शनिवारी गेले असते, मग?"

"तर मी स्वतःला माफ केलं नसतं. पण तुम्ही गेला असतात ते गेलाच असतात."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे तपासतात तसं बघत होत्या, घाई न करता. मग म्हणाल्या, "तुझं एकटीचं नाही हे. तू नको म्हणायचीस आणि मास्तरांच्या जिवात जीव यायचा. उसवायला कारण मिळायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, आणि वळसा दोघांनी मिळून घातला." त्यांनी वही मिटली, खुंटीवरचा कोट काढला, पाच ट्रायलचा, आणि दुकानाचे दिवे घालवले. "चल."

बाबा आमच्या दुकानात आरशासमोर उभे होते. केसांना पाणी, खिशात रुमाल, सातव्या ट्रायलची सगळी तयारी. आरशात त्यांना आधी मी दिसले आणि मग माझ्यामागे बाई. बाबा वळले नाहीत. बराच वेळ आरशातच बघत राहिले, जणू तिथल्या तिथे निभावून जाईल.

मी सवयीने टेबलावर चढून बसले आणि बाईंनी वही माझ्याशेजारी ठेवली. "मास्तर," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं कपडे शिवताय. कधी एकाच्या कोटाची ट्रायल दुसऱ्याच्या अंगावर घेतलीत?"

बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांच्या हातून जन्मात असली चूक झाली नव्हती. एखाद्या शिकाऊ शिंप्यालाही हे कुणी सांगावं लागत नाही. मीही रोज ज्याच्या त्याच्या साच्यावर दात बसवते, माझंही डोकं चाललं नव्हतं.

"नाही," बाबा म्हणाले. "कधीच नाही."

"मग मला काय बसतं ते मला विचारायचं होतं."

"विचारणार होतो. म्हटलं, आधी जागा पक्की करावी."

"मला अंधार चालतो," बाई म्हणाल्या. "वारा आवडतो. गोंगाटात मी मोठ्याने बोलते. आता चला."

"कुठे?"

"माहीत नाही. रस्त्याने जाऊ, जिथे बसावंसं वाटेल तिथे बसू."

"आणि नाही आवडलं तर?" बाबांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"तर पुढच्या वेळी दुसरीकडे जाऊ."

'पुढच्या वेळी' हे शब्द बाबांच्या कानातून आत जाताना मी पाहिले. आधी भुवया, मग खांदे, मग सगळा माणूसच दोन सूत उंच झाला. "पण तुमच्या बहीणबाईंना शनिवारी..." ते म्हणाले.

"तिला काय कळवायचं ते जेवण झाल्यावर बघू," बाई म्हणाल्या.  "आता बघतो म्हणायची पाळी माझी."

बाबांनी कोट चढवला. बाईंनी त्यांच्या कॉलरच्या आत बोट घालून टाचणी काढली आणि टेबलावर ठेवली. दारापर्यंत गेल्यावर बाबा वळले. मला ठाऊक होतं ते वळणार.

"तूपण चल ना," ते म्हणाले. "तिघं जाऊ. काय हरकत आहे?"

 बाईंनी कोटाची बटणं लावायला घेतली आणि फार सावकाश लावली. मला जायचं होतं. खरं सांगते, मला इतकं जायचं होतं की माझा एक पाय टेबलावरून खाली आलाच होता. तिघं गेलो असतो तर बाबा माझ्याशी बोलले असते, बाई माझ्याशी बोलल्या असत्या, आणि त्या दोघांना एकमेकांशी बोलायची वेळ संध्याकाळभर आली नसती. मी बसायला बरोबर मधली खुर्ची निवडली असती, हेही मला माहीत होतं.

"मला काम आहे," मी म्हटलं. "सकाळी दोन कवळ्या द्यायच्यात."

एकही द्यायची नव्हती. बाबांना ते ठाऊक असावं, कारण आठवडाभराचं माझं काम मी त्यांना रोज टेबलावर बसून सांगत असते.  मी पाय पुन्हा वर घेतला. "जा ना आता," मी म्हटलं, "नाहीतर बाई तुम्हाला इथेच सोडून एकट्या फिरून येतील. त्या आईसारख्याच आहेत."

आईचं नाव माझ्या तोंडून निघालं तेव्हा आम्हा तिघांनाही ते ऐकू आलं. बाबांनी मान हलवली आणि ते गेले.

मी दारात जाऊन उभी राहिले. रस्त्यावर दिवे लागत होते, माणसं घरी परतत होती. ती दोघं एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून चालली होती. कोपऱ्यावर थांबली. बाबांनी उजवीकडे बोट दाखवलं, बाईंनी डावीकडे. थोडा वाद झाला. बाईंचं हसणं मला इथवर ऐकू आलं. मग दोघं सरळ गेली.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बाबा मला 'तू काय जेवशील' असं विचारायचे राहून गेले. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. ताप असू दे, दुकानात गर्दी असू दे, अगदी आईच्या तेराव्या दिवशीसुद्धा त्यांनी मला हे विचारलं होतं. आज विसरले. मला फार वाईट वाटलं. आणि त्यांना विसरता आलं याचा आनंदही झाला, पण तो नंतर झाला, आधी वाईटच वाटलं.

मी दुकानात परत येऊन बसले. वर जाऊन एकटीसाठी काय करायचं ते काही सुचेना. असा अर्धा तास गेला असेल. मग भूक मात्र खरी लागली. मी बूट घातले, दुकानाला कुलूप लावलं आणि रस्त्यावर आले. कोपऱ्यावर पोचले तेव्हा ती दोघं सरळ गेली आहेत हे मला माहीत होतं, म्हणून मी डावीकडे वळले.